पोवळ्यातली बुरशी आणि इंगवलेबाई

इंगवलेबाईंची आणि माझी ओळख माझ्या डाव्या चपलेमुळे झाली.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. प्राणिशास्त्राच्या अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखत द्यायला मी नाशिकहून कोल्हापूरला आलो होतो. चार दिवस पाऊस खळला नव्हता. कॉलेजच्या व्हरांड्यात एका बाकावर मी प्रमाणपत्रांचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरून पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. हिरवं जाडंभरडं लुगडं, हातात पुरुषी काळी छत्री. त्या माझ्यासमोर थांबल्या, कमरेत वाकल्या आणि त्यांनी नाकानं दोनदा हवा ओढली.

"पावणं, तुमच्या चपलेला बुरशी आल्या," त्या म्हणाल्या. मी ओशाळून पाय बाकाखाली ओढला. "झाकू नगा. काढा हिकडं."

आवाज असा होता की चप्पल काढून दिल्यावरच मला आपण ती दिल्याचं कळलं. बाई चप्पल घेऊन समोरच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि त्याच क्षणी आतून माझं नाव पुकारलं गेलं. मी एका चपलेनिशी मुलाखतीला गेलो. प्राचार्यांनी मला पाय नसलेल्या उभयचर प्राण्यांबद्दल विचारलं. उत्तर देताना माझं सगळं लक्ष अनवाणी पाय टेबलाखाली दडवण्याकडे होतं, तरी नोकरी मिळाली. संध्याकाळी बाईंनी चप्पल पुसून, तेल लावून परत केली. तिच्यावर दोन प्रकारची बुरशी सापडली होती. एक साधी, कोल्हापुरातच लागलेली. दुसरी मात्र नाशिकची दिसते, असं त्यांनी मला अभिनंदन केल्यासारखं सांगितलं.

पुढची चौदा वर्षं आमच्या दोघांच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती आणि चौदा वर्षं त्या मला 'पावणं' म्हणत राहिल्या.

शेवंता इंगवले मूळच्या गारगोटीजवळच्या एका खेड्यातल्या. घरची शेती, चार म्हशी. गावातल्या मुलीनं सातवीपुढे शिकायची रीत नव्हती. ह्या मात्र शिकत गेल्या आणि थांबवायचं कोणाला सुचेपर्यंत एम. एस्सी. झाल्या. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर सवड झाली नाही म्हणत. वर्गात त्या कोल्हापुरीतच शिकवत. नवीन मुलं पहिले आठ दिवस हसत, नवव्या दिवसापासून लिहून घेत. 'मी आलो, मी बगतो' असं त्या बोलत. त्या भागातल्या बायका तसंच बोलतात. पण नाशिकहून माझ्याकडे राहायला आलेल्या माझ्या आईला ते समजायला फार दिवस लागले. कधी कॉलेजात माझा डबा घेऊन आली की भिंतीपलीकडून बाईंचा आवाज ऐकून 'तुमच्या कॉलेजातले ते इंगवले' असं आई बरेच दिवस म्हणत असे.

त्यांना बुरशीचा शौक होता. शौक हाच शब्द खरा. लोक जसे पैलवानांबद्दल बोलतात तशा त्या बुरशीबद्दल बोलत. कोणाचाही डबा उघडला की आधी वास घेत आणि ही भाकरी उद्या कोणत्या रंगाची होणार ते सांगत. शिक्षकांच्या खोलीत त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून जेवायला कोणी धजत नसे. मी नवा होतो आणि दुसरी खुर्ची मोकळी नव्हती, म्हणून मी बसलो. "लोकास्नी बुरशीची किळस येत्या," त्या एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाल्या. "गावात एक मानूस असतोय बगा. मयताला समद्यांच्या आधी हजर, लगनात समद्यांच्या शेवटाला जेवनार. कुनाला आवडत न्हाय, पर त्येच्याबिगर गावाचं हालत न्हाय. ती बुरशी." मी त्यांना म्हटलं की हे पुस्तकात घालायला हवं. त्या म्हणाल्या, पुस्तकाला तर सगळ्यांत आधी बुरशी येते.

आता पोवळ्याचं सांगतो. माझं लग्न जमत नव्हतं. पत्रिकेत मंगळ होता. आईनं कोणा जाणत्याच्या सांगण्यावरून गुजरीतल्या सराफ बाजारातून पोवळ्याची अंगठी करून आणली आणि एका मंगळवारी माझ्या बोटात चढवली. दोन दिवसांनी डबा खाताना बाईंनी माझा हात धरला. पोवळ्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढे दोन-तीन काळे ठिपके होते. त्यांनी भिंग लावून पाहिलं, मग नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, ह्या दगडात कोनतरी ऱ्हातंय."

मी सांगितलं की पोवळं हा मुळात दगडच नाही, समुद्रातल्या बारीक प्राण्यांनी बांधलेलं घर आहे, आणि हा विषय प्राणिशास्त्राचा आहे. बाई म्हणाल्या, घर तुमचं असेल, पण भाडेकरू माझा आहे. अंगठी एका दिवसासाठी मागितली. मी दिली. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून घासल्याचा आवाज आला म्हणून गेलो, तर त्या सहाणेवर पाणी टाकून, गंध उगाळावं तसं माझं पोवळं उगाळत होत्या. निम्मं संपलं होतं. उरलेली चकती कागदाइतकी पातळ झाली होती. त्यांनी ती काचपट्टीवर चिकटवली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला डोळा लावायला सांगितलं. लालसर गाभ्यातून केसाहून बारीक नळ्या फाटे फुटत गेल्या होत्या. दगडातून मुळं गेल्यासारखं दिसत होतं. मी रागवायला आलो होतो, पण अर्धा तास तिथून हललो नाही.

घरी आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. मी खरं सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून पत्र आलं आणि माझं लग्न जमलं.

आईनं ह्याचा जो अर्थ लावला तो तिनं आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगितला. पोवळं बोटात घालून गुण येत नाही, ते इंगवलेबाईंकडून उगाळून घ्यावं लागतं. पंधरवड्यात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर बायका दिसू लागल्या. कोणाच्या मुलीचं जमत नव्हतं, कोणाच्या मुलाचं मोडलं होतं. प्रत्येकीच्या मुठीत पोवळं. बाई प्रत्येकीला स्पष्ट सांगत की लग्नाचं त्यांना काही कळत नाही. उगाळून आत बुरशी आहे का तेवढं त्या बघतील आणि दगड परत मिळणार नाही. बायका समजूतदारपणे माना डोलवत आणि पोवळं पुढं करत. देवाच्या माणसानं असं नम्रच बोललं पाहिजे, असं आईचं म्हणणं पडलं. बाईंना मात्र फुकटात नमुने मिळत होते. त्यांनी समजावण्याचा नाद सोडून दिला.

पण उगाळण्याआधी त्या प्रत्येक दगडावर सौम्य आम्लाचा थेंब टाकत. खरं पोवळं असेल तर थेंब फसफसतो. बरेच दगड फसफसेनात. ती काच होती, नाहीतर लाख. बाईंनी ते त्या बायकांना त्याच आवाजात सांगितलं, ज्या आवाजात त्या सगळं सांगत. आठवड्याच्या आत गुजरीतला एक सराफ टोपी सावरत प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसला. प्राचार्य सज्जन होते, पण तक्रारीला फार भीत. त्यांनी बाईंना बोलावलं, आणि बाईंना एकटं पाठवायला नको म्हणून मीही गेलो. सराफानं आपल्या घराण्याच्या अब्रूबद्दल बराच वेळ सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि खिशातून काढावी तशी पदराआडून आम्लाची बाटली काढून टेबलावर ठेवली. त्याच्या बोटातल्या पोवळ्यावर एक थेंब टाकून बघू या का, एवढंच विचारलं. सराफानं हात मागं घेतला. शेवटी असं ठरलं की बाईंनी गिऱ्हाइकांची पोवळी तपासायची नाहीत, आणि त्या बदल्यात फुटकी, भोकं पडलेली खरी पोवळी सराफानं त्यांना आणून द्यायची. तो शब्दाला जागला. दर दिवाळीला त्याच्याकडून पेढ्यांच्या पुड्याबरोबर फुटक्या पोवळ्यांची एक पुडी येत असे. बाई पेढे आम्हाला वाटत.

तरी त्यांचं समाधान होत नव्हतं. पोवळी जुनी, मेलेली, पॉलिश केलेली. आतली बुरशी जिवंतपणी शिरली की मेल्यावर, हे कळायला मार्ग नव्हता. ओल्या, जिवंत प्रवाळाचा तुकडा हवा होता आणि समुद्र कोल्हापुरात नव्हता. प्राचार्यांनी सांगितलं की प्रवाळ प्राणी असल्यामुळे सहलीची परवानगी फक्त प्राणिशास्त्राला देता येईल. त्यामुळे कागदोपत्री मी निघालो आणि बाई माझ्या मदतनीस म्हणून आल्या. मार्चमधली गोष्ट. राधानगरीवरून फोंड्याचा घाट उतरून आम्ही एस्टीनं मालवणला पोचलो. बाईंनी लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी घेतली होती.

त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. मला वाटलं त्या काहीतरी बोलतील. त्या लुगड्याचा काष्टा घट्ट करून सरळ गुडघाभर पाण्यात गेल्या, ओंजळ भरून एक घोट घेतला आणि थुंकल्या. "मीठ जास्त झालंय," त्यांनी मला सांगितलं, आणि वळून बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी हाक मारली तेव्हा त्यांना ऐकू गेलं नाही, इतकं मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला एक म्हातारा मच्छीमार जाळं झटकत होता. जाळ्यात अडकून प्रवाळाचा नारळाएवढा गोळा आला होता, तो त्यानं वैतागून बाजूला फेकला. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला. "बाये, हो दगड घेवन करतलंस काय?" त्यानं विचारलं. त्यात बुरशी आहे का बघायची आहे, असं बाईंनी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. गोळा जिवंत होता. भिंगाखाली त्याचे हिरवट-तपकिरी जीव बारीक पाकळ्या आत ओढून घेत होते. आम्ही तो समुद्राच्या पाण्यासकट बरणीत घातला, तोंडाला फडकं बांधलं आणि दुपारच्या एस्टीत बसलो.

मार्चचं ऊन, इंजिनाजवळची जागा आणि बंद बरणी. कणकवली मागं पडेपर्यंत तो मेला होता. मेलेलं प्रवाळ कसं घाण मारतं हे मला प्राणिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात वाचायला मिळालेलं नव्हतं. लोकांनी आधी सुक्या माशांची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईला बोल लावला. ती चवताळून उठली. तिच्या सुकटाला असा वास येत नाही आणि तिच्या सुकटाचं नाव खराब केलेलं ती खपवून घेणार नाही, असं सांगत ती एकेका बाकाशी वाकून हुंगत आली आणि आमच्या बरणीपाशी थांबली. तोवर कंडक्टरही आला.

"बाई, काय हाय ह्यात?"

"प्रवाळ हाय. सकाळपतोर जित्तं हुतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "गाडीतच गेलं."

कंडक्टरनं टोपी काढली. "तुमचं कोन लागत हुतं?"

मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीबाहेर तोंड केलं. माझे हलणारे खांदे पाहून गाडीतल्या लोकांचा जो समज झाला तो आणखी पक्का झाला. सुकटवालीनं मघाचे शब्द मागे घेतले. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी उठून बाईंना ऐसपैस जागा करून दिली. वासाबद्दल पुढं घाटभर कोणी अक्षर काढलं नाही. मी बाईंच्या कानात सांगितलं की कोल्हापूर येईपर्यंत कृपा करून काही बोलू नका. त्यांनी मान हलवली. पण राधानगरी जवळ आल्यावर त्या आजोबांनी डोळे पुसले, प्रवाळ हे नाव फार गोड आहे, मुलगा होता की मुलगी, असं विचारलं. बाईंना ते सोसवलं नाही. म्हाताऱ्या माणसाला फसवून रडवायचं त्यांच्यात नव्हतं. त्यांनी फडकं सोडून सगळ्यांना खरं काय ते दाखवलं.

पाच मिनिटांत आम्ही राधानगरीच्या स्टँडवर बरणीसकट उभे होतो. तिथून पुढं दुधाच्या एका ट्रकनं आलो. बाई पुढं बसल्या. बरणी आणि मी मागं दुधाच्या कॅनांच्या मधे बसलो, कारण ड्रायव्हरला वाटत होतं की वास माझाच आहे.

त्या गोळ्यावर बाईंनी दीड वर्ष काम केलं. त्यांच्या प्रयोगशाळेमागं एक छोटी अंधारी खोली होती, तिथं सहाण, आम्लाच्या बाटल्या आणि काचपट्ट्यांचे ढीग होते. आम्लात दगडाची चकती विरघळवली की मागं बुरशीचे धागे पाण्यात तरंगत राहत, ते त्या निळ्या रंगानं रंगवून बघत. एकदा त्यांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. प्रवाळाच्या दगडात वरच्या थराखाली हिरव्या शेवाळाच्या बारीक तारा होत्या आणि बुरशीचे धागे त्या तारांच्या मागोमाग गेले होते. चोराच्या मागावर पोलीस जावा तसे, मी म्हणालो. बाईंनी मला दुरुस्त केलं. चोर आणि पोलीस दोघेही त्याच घरात जेवणारे होते. बुरशी शेवाळ खात होती, मेलेलं साफ करत होती, त्यातलं उपयोगी ते पुन्हा घराला देत असावी असा त्यांचा अंदाज होता, आणि जुना दगड पोखरून त्याची वाळूही करत होती. घरमालक धडधाकट असेपर्यंत सगळं निभतं. तो आजारी पडला की हीच मंडळी घर खाऊन टाकतात.

"आता हितं बगा," त्या म्हणाल्या आणि काचपट्टी जरा सरकवली. बुरशीचा एक धागा दगडातून वर वर येत प्रवाळाच्या जिवंत भागापाशी पोचला होता. तिथं नेमकं त्याच्या टोकावर दगडाचा नवा, घट्ट, गोल उंचवटा होता. धागा पुढं घुसला होता, तिथं उंचवट्यावर आणखी एक थर. "उंदरानं भिंतीला भोक पाडलं की आमची आय शेनमातीचा गोळा घिऊन लिंपायची. पुन्यांदा पाडलं की पुन्यांदा लिंपायची. ह्ये तसंच लिंपालंय की." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई कुजबुजू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं संकट आलं ते टेबल टेनिसच्या रूपानं. विद्यार्थ्यांना टेबल टेनिसला जागा हवी होती आणि प्राचार्यांचा डोळा बाईंच्या मागच्या खोलीवर होता. नाही म्हणायला त्यांना कारण हवं होतं आणि हो म्हणायलाही. त्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात एक परिसंवाद होता, मुंबईहून बुरशीवरचे एक मोठे तज्ज्ञ येणार होते. बाईंनी त्यांच्यापुढं आपलं काम वाचावं. ते ठीक म्हणाले तर खोली बाईंची, नाहीतर टेबलाची, असं प्राचार्यांनी ठरवलं. बाईंनी इंग्रजीतला निबंध माझ्याकडून तपासून घेतला आणि बाजाराची यादी वाचावी तशा सुरात सभागृहात वाचून दाखवला.

तज्ज्ञ गोरेपान, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी बाईंच्या चिकाटीचं कौतुक केलं. मग मराठीत, सगळ्यांना कळेल असं, ते म्हणाले की बुरशी हवेत सगळीकडे असते. हा तुकडा वाटेत मेला, बरणीत कुजला, कोल्हापुरातल्या खोलीत दीड वर्ष पडून राहिला. तेव्हा बाईंनी शोधलेली बुरशी प्रवाळाची नसून कोल्हापूरची आहे. सभागृह हसलं. मागच्या रांगेतल्या मुलांनी आत्ताच टेबलाची मापं घ्यायला सुरुवात केली असणार. मी बाईंकडे पाहिलं. त्या कागदांची घडी घालत होत्या. उलगडून पुन्हा घातली. मला वाटलं आता त्या खाली बसतील.

"सायेब, तुमचं म्हननं बराबर असंल," त्या म्हणाल्या. "मेल्यालं हुतं, बुरशी आत शिरली असंल. पर बुरशी जितं जितं वर आल्या, तितं तितं ह्या प्रवाळानं आतनं लिंपलंय. एकदा न्हाय, चार-चारदा. मेल्यालं कसं लिंपंल? मला येवडंच सांगा. ते लिंपान त्येनं कवा केलं? एस्टीत बसून?"

कोणी हसलं नाही. तज्ज्ञ उठले आणि म्हणाले, दाखवा. आम्ही सगळे त्यांच्यामागून त्या अंधाऱ्या खोलीत गेलो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एक काचपट्टी, दुसरी, तिसरी. बाहेर जेवणाची घंटा झाली. प्राचार्यांनी दोनदा घसा साफ केला. सातव्या काचपट्टीनंतर तज्ज्ञांनी मान वर न काढताच विचारलं, "बाई, चहा मिळेल का? मला जरा वेळ लागणार आहे."

खोली वाचली. टेबल टेनिसचं टेबल प्राचार्यांच्या खोलीबाहेर लागलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यांना चेंडूंचा आवाज ऐकत काम करावं लागलं.

तज्ज्ञांनी स्वतः खटपट करून बाईंचा निबंध एका छोट्या नियतकालिकात छापून आणला. तीनच पानं होती. छापताना मथळ्यात गडबड झाली आणि तो 'कोल्हापूरच्या प्रवाळातील बुरशी' असा झाला. बाईंनी चूक दाखवायला पत्र पाठवलं, पण अंक वाटून झाले होते. सहा महिन्यांनी जपानमधल्या एका संशोधकाचं पत्र आलं. कोल्हापूरच्या प्रवाळबेटांबद्दल त्यानं आजवर काहीच ऐकलं नव्हतं, ह्याची त्याला लाज वाटत होती. बेटं पाहायला यायची इच्छा होती. होडीची आणि राहण्याची सोय होईल का, असं त्यानं विचारलं होतं. बाईंनी उत्तर तोंडी सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. समुद्र इथून एस्टीनं एका दिवसाच्या वाटेवर आहे, होडीचं बघता येईल, राहायची आणि जेवायची सोय माझ्याकडे आहे. फक्त येताना बरणीचं झाकण घट्ट बसणारं आणा. तो आला नाही, पण पुढं कित्येक वर्षं बाईंना नववर्षाचं कार्ड पाठवत होता.

निवृत्तीनंतर बाई गावी गेल्या. धाकटा भाऊ आणि त्याची बायको, दोघं त्यांना जपून होती. मी वर्षातून एकदोनदा जात असे. शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा त्या खाटेवर होत्या. पार वाळल्या होत्या, आवाज तेवढा शिल्लक होता. माझ्या बायकोची, मुलांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "पावणं, ह्यास्नी जरा समजावून सांगा की. मला जाळू नगा म्हनतो. जाळलं की बुरशीला काय उरतंय? जलमभर तिचं खाल्लं, आता येळ आली तर राख करून ठेवायची, ह्ये काय बरं दिसतंय?" भाऊ बिचारा खाली मान घालून उभा होता. वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, वन्सं, लोक काय म्हणतील. मी मध्यस्थी केली. खूप घासाघीस होऊन असं ठरलं की दहन रीतीप्रमाणं करायचं, पण राख नदीत सोडायची नाही. मळ्यातल्या उकिरड्यावर घालायची. वहिनींना ते मुळीच रुचलं नव्हतं, पण त्यांनी शब्द दिला. बाई म्हणाल्या, चालेल, राखेवरही काहीबाही येतं.

महिन्याभरात त्या गेल्या. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर पावसाळ्यात मी वहिनींना भेटायला गेलो. त्या मला मळ्यात घेऊन गेल्या. उकिरड्यावर, राख घातली होती त्या अंगाला, पांढरीशुभ्र अळंबी उगवली होती. चाळीस-पन्नास तरी असतील. भिजलेल्या शेणमातीतून छत्र्या वर काढून गर्दीनं उभी होती. भाऊ जरा लांब हात जोडून उभा होता.

"वन्सं आल्यात बगा," वहिनी म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि हसूही. थोड्या वेळानं त्यांनी पदरानं नाक पुसलं, वाकून एक अळंबं हलकेच उलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "पावणं, ही खायाची असत्यात का इषारी?"

मी प्राणिशास्त्राचा माणूस. मला कुठलं सांगता येणार? आम्ही तिघं कितीतरी वेळ त्या अळंब्यांकडे बघत उभे राहिलो. त्यातली कोणती खावीत आणि कोणती खाऊ नयेत, हे वास घेऊन सांगणारं आमच्या ओळखीत एकच माणूस होतं.